आधी हिरडी, मग स्क्रू

गिरगाव-लालबागकडच्या साठी ओलांडलेल्या मंडळींच्या गप्पांत गुडघ्यांच्या खालोखाल आता दातांचा नंबर लागतो. पूर्वी हा विषय कवळीवर येऊन मिटायचा, हल्ली तो इम्प्लांटवर येतो. "हलतायत ना? मग काढून टाका सगळे आणि स्क्रूवर पक्के बसवून घ्या. आयुष्यभराची कटकट गेली!" असा सल्ला देणारा कट्ट्यावर एक तरी भेटतोच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धवट आहे. ज्या रोगाने मूळ दात गेला तो रोग तोंडात तसाच ठेवून बसवलेला इम्प्लांटही त्याच वाटेने जाऊ शकतो, आणि एकदा रोग लागला की मूळ दातापेक्षा वेगाने जातो.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या जुन्या घरमालकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वाडी वसली. तुकड्यातुकड्यांनी जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने चढणारी घरं बांधली. एके काळी अशी पासष्ट घरं होती, आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. जी उरली आहेत ती राखणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, की जोत्यात ओल आणि वाळवी असेल तर नुसता खांब बदलून भागत नाही. नवा खांब सागवानी घाला नाहीतर लोखंडी, जोतं तेच राहतं. दाताचं जोतं म्हणजे जबड्याचं हाड आणि त्यावरची हिरडी.

या जोत्याला जो रोग लागतो त्याला आपण पायोरिया म्हणतो. दंतवैद्य त्याचे दोन टप्पे करतात. पहिला टप्पा हिरडीच्या सुजेचा. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, हिरडी लाल होते, ब्रश लावला की रक्त येतं. हा टप्पा पूर्ण बरा होतो. १९६५ साली हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत सूज उतरली. हिरडीच्या सुजेचं कारण उष्णता, वय किंवा 'घराण्यातच आहे' हे नसून तो थर आहे, हे त्यातून दिसलं. ब्रश करताना रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रशच न लावणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. करायला हवं त्याच्या बरोबर उलट ते करतात.

दुसऱ्या टप्प्यात सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि मधे एक कप्पा तयार होतो. निरोगी हिरडीत हा कप्पा १ ते ३ मिलिमीटर खोल असतो. तो ५, ६, ८ मिलिमीटर झाला की ब्रश तिथे पोचत नाही, थराचं दगडासारखं कीटण होतं आणि शरीराचा दाह जबड्याचं हाड विरघळवू लागतो. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी आपोआप परत येत नाही. यात दुखत काहीच नाही, हीच पायोरियाची खरी लबाडी. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही. पायोरिया मात्र वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो आणि पन्नाशी-साठीला एकदम तीन दात हलू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे शंभर कोटी लोकांना गंभीर स्वरूपाचा हिरडीरोग आहे.

तो सगळ्यांना सारखा होत नाही. लो यांच्याच चमूने १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांचे दात तपासले. दात घासायची सवय नाही, दंतवैद्याचं तोंड पाहिलेलं नाही, सर्वांच्या दातांवर भरपूर कीटण. तरी त्यातल्या ११ टक्क्यांचा रोग हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा बेताने वाढला. उरलेल्या ८ टक्क्यांचा मात्र इतक्या झपाट्याने वाढला की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. म्हणजे घाण सारखी असूनही शरीराचा प्रतिसाद वेगळा. इम्प्लांटचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण दात काढला म्हणून शरीराचा स्वभाव बदलत नाही.

या स्वभावात भर घालणाऱ्या दोन गोष्टी आपल्या घराघरांत आहेत. एक मधुमेह. साखर ताब्यात नसली की हिरडीरोग बळावतो, आणि हिरडीतला दाह साखर वर ढकलतो, असं हे दुहेरी नातं आहे. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) साधारण ०.४ टक्क्यांनी उतरते, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षात दिसलं आहे. एखादी जादा गोळी सुरू करून मिळावा तेवढा हा फायदा आहे, तरी मधुमेहाच्या रुग्णाला 'दात तपासून घ्या' असं सांगणारे डॉक्टर अजून थोडेच.

दुसरी गोष्ट तंबाखू. विडी-सिगारेट आहेच, पण आपल्याकडे मिश्रीही आहे. गिरणगावातल्या चाळींत सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवेल, की मिश्री लावणाऱ्या बाया ते दात घासणंच समजायच्या. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त येत नाही. 'माझ्या हिरड्या अगदी घट्ट, कधी रक्त नाही' असं सांगणाऱ्या मिश्रीवाल्या आजींचं हाड क्ष-किरणात निम्मं गेलेलं दिसू शकतं.

आणि दंतमंजनांचं काय? याच भागात, परळला, १९५२ साली केशव पेंढरकरांनी विकोची सुरुवात केली आणि वज्रदंती घरोघरी गेली. त्याआधीपासून काळी मंजनं होती, राखुंडी होती. यातल्या कुणालाही मी नावं ठेवणार नाही, पण हिरडीच्या वरचं काम आणि खालचं काम वेगळं. सहा मिलिमीटरच्या कप्प्यात मंजन जात नाही, महागडी टूथपेस्टही जात नाही. तिथे अवजारच लागतं.

आता इम्प्लांटकडे. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्या योगायोगातून आजचा इम्प्लांट आला. १९६५ साली योस्ता लार्सन या जन्मतः टाळू दुभंगलेल्या आणि जबड्यात व्यंग असलेल्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले गेले. २००६ साली लार्सन वारले तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते कामात होते. इम्प्लांटची कीर्ती झाली ती अशा उदाहरणांमुळे, आणि ती खोटी नाही. फक्त एवढंच, की लार्सनचे दात पायोरियाने गेले नव्हते. वाडीतल्या सत्तरीच्या काकांचे पायोरियानेच गेलेले असतात.

फरक पडतो तो इथे. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मधे तंतूंचा पातळ पडदा असतो. त्या पडद्यात रक्तवाहिन्या आहेत, संवेदना आहे. हिरडीचे तंतूही दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला अडसर होतो. इम्प्लांटला हा पडदा नाही. हाड थेट धातूला भिडतं आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर, नुसते लगटून उभे राहतात. त्यातून इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, हाडाने धरावं म्हणून. तो उघडा पडला की जंतूंनाही तितकाच आवडतो. म्हणून इम्प्लांटभोवती सूज आली तर ती लवकर हाडापर्यंत पोचते आणि शरीराला ती सहजासहजी थोपवता येत नाही.

शिवाय दात हलून सूचना देतो. इम्प्लांट देत नाही. तो हाडात गच्च असतो, वरचं निम्मं हाड गेलं तरी हलत नाही, दुखतही नाही. तो हलू लागला याचा अर्थ तो गेला. 'माझा इम्प्लांट मस्त आहे, घट्ट आहे' यावर म्हणूनच विसंबता येत नाही. स्क्रूवर बसवलेल्या दाताच्या, म्हणजे कॅपच्या, कडेला रक्त, पू, वास किंवा हिरडी मागे सरून दिसणारा धातू यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवावं.

असं किती जणांचं होतं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात इम्प्लांट असलेल्या माणसांपैकी सरासरी ४३ टक्क्यांत भोवतालच्या हिरडीला सूज आणि २२ टक्क्यांत हाडापर्यंत गेलेला रोग आढळला. वेगवेगळ्या पाहण्यांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे, कारण रोग कशाला म्हणायचं याच्या व्याख्या वेगळ्या. पण ज्यांना आधी पायोरिया होता त्यांना धोका जास्त, यावर फारसा वाद उरलेला नाही. इटलीतल्या एका दहा वर्षांच्या अभ्यासात निरोगी हिरड्यांच्या लोकांचे जवळपास ९७ टक्के इम्प्लांट टिकले, मध्यम पायोरिया झालेल्यांचे ९३ आणि गंभीर पायोरियावाल्यांचे ९० टक्के. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, नव्वद टक्के काय वाईट आहेत? वाईट नाहीतच. पायोरिया झालेल्या माणसाला इम्प्लांट बसवता येत नाही हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज आहे. पण हे लोक आधी हिरड्यांवर पूर्ण उपचार घेतलेले होते, आणि त्यातही जे नंतर तपासणीला नियमित आले नाहीत त्यांचं हाड जास्त गेलं. 'टिकला' याचा अर्थही फक्त तोंडात आहे एवढाच. त्याच्याभोवती पू असला तरी तो टिकलेल्यांतच मोजला जातो.

म्हणून पहिला प्रश्न इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, स्विस की कोरियन, हा नाहीच. पहिला प्रश्न हा दात खरंच काढायला हवा का, हा आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या हिर्शफेल्ड आणि वासरमन यांनी पायोरियाच्या ६०० रुग्णांचा सरासरी बावीस वर्षांचा हिशेब मांडला. हे लोक उपचार घेऊन नियमित तपासणीला येत राहिले होते. त्यांतल्या ८३ टक्के लोकांचे एवढ्या काळात शून्य ते तीन दातच गेले. हलणारा दात म्हणजे मेलेला दात नव्हे. सूज उतरली की काही दात आवळतात, काही शेजारच्यांना बारीक तारेने बांधून स्थिर करता येतात. आपला रोगट दात नीट सांभाळला तर तो अनेकदा नव्या इम्प्लांटइतकाच टिकतो, शिवाय कमी खर्चात.

काही दात वाचत नाहीतच. मुळाच्या टोकापर्यंत हाड गेलेलं, दात वरखाली हलणारा. ते काढावेत. काढल्यावरही घाई नसते, पण फार उशीरही करू नये. दात गेल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते. वरच्या दाढांच्या जागी तर वरून सायनसची पोकळी खाली येते, मग आधी हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. (वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, ही भीती मात्र निव्वळ ऐकीव. चाळिशीत दाढा जातात आणि चाळिशीतच चष्मा लागतो, एवढाच तो संबंध.)

उपचारांचा क्रम असा असायला हवा. आधी बारीक टोकाच्या मोजपट्टीने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी कप्प्याची खोली मोजून तक्ता करणं. मग हिरडीच्या वरची आणि भूल देऊन खालची सफाई. 'साफ करून घेतल्यावर दात हलायला लागतात' ही तक्रार इथेच येते. कीटणाने धरून ठेवलेले दात कीटण गेल्यावर मोकळे वाटतात, फुगलेली हिरडी बसल्याने फटी दिसतात. सफाईने काही बिघडलेलं नसतं, बिघाड झाकलेला होता तो दिसला. त्यानंतर दोन-तीन महिने थांबून पुन्हा मोजणी. खोल कप्पे राहिले असतील तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया. तोंडात ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल, रक्त येणारे कप्पे शिल्लक असताना इम्प्लांट बसवणं धोक्याचं, कारण शेजारच्या दातांवरचे जंतू नव्या इम्प्लांटवर बघता बघता पोचतात. साखर ताब्यात, तंबाखू बंद, रोजची सफाई जमतेय, हे सगळं दिसल्यावर मग सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन, हाडाचं मोजमाप आणि स्क्रू. यात सहा महिने सहज जातात, आणि जावेतच.

'एका बैठकीत सगळे दात काढा, तीन दिवसांत पक्के दात घेऊन जा' या जाहिरातींबद्दल माझं मत त्यामुळे फारसं चांगलं नाही. काही निवडक रुग्णांत, अनुभवी हातांनी, लगेच दात बसवता येतात, हे खरं. पण सगळे दात काढले म्हणजे पायोरियाच संपला, हा त्यामागचा समज चुकीचा आहे. ते जंतू जिभेवर, घशात उरतात आणि शरीराचा प्रतिसादही तोच राहतो. गावाहून किंवा परदेशातून चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला हिरडीच्या सुधारणेसाठी तीन महिने थांबायला कोण सांगणार?

खर्चाचाही विचार करायला हवा. खासगी दवाखान्यात एक इम्प्लांट कॅपसकट तीस-चाळीस हजारांच्या पुढे सहज जातो आणि साध्या आरोग्यविम्यात तो बहुधा बसत नाही. सगळ्याच जागी इम्प्लांट हवा असंही नाही. मागची एक दाढ नसली तर अनेकांचं काही अडत नाही. खालची कवळी सतत उचलली जात असेल तर पुढे दोन इम्प्लांट घालून ती त्यांवर बटणासारखी अडकवता येते. म्हाताऱ्या माणसाला ती काढून धुता येते, हा तिचा मोठा गुण. हात थरथरणाऱ्या, नजर कमी झालेल्या आजोबांच्या तोंडात साफ करता न येणारे बारा पक्के दात बसवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

दंतवैद्याला आपली औषधं सांगायला मात्र विसरू नये. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याला एक गोळी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या पुष्कळ बायका 'ते काय दाताचं औषध आहे?' म्हणून गप्प राहतात. त्यातल्या काही औषधांनी दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगाव्यात, पण आपल्या मनाने बंद करू नयेत.

बसवल्यानंतरचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात इम्प्लांटभोवती नुसती हिरडीची सूज असलेल्या ८० जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. नियमित सफाईला येणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांचा रोग हाडापर्यंत गेला, न येणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांचा. माणसं तशीच, इम्प्लांट तसेच, फरक फक्त वर्षातल्या दोन-चार भेटींचा. पायोरिया झालेल्याने दर तीन ते सहा महिन्यांनी जावं, कॅप बसल्या दिवशीचा क्ष-किरण फोटो जपून ठेवावा आणि दरवर्षी हाडाची पातळी त्याच्याशी ताडून पाहायला सांगावी. घरी साध्या ब्रशशिवाय फटीत जाणारा बारीक ब्रश रोज एकदा फिरवावा. कॅपखाली तो जातच नसेल तर तक्रार करावी, कॅपचा आकार चुकला आहे.

वाडीतल्या आणि आसपासच्या लोकांना यासाठी लांब जायला नको. मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे हिरडीरोगाचा स्वतंत्र विभाग आहे आणि सफाई-शस्त्रक्रिया खासगीच्या मानाने फार थोड्या पैशांत होते. रांग असते, शिकणारे डॉक्टर असल्याने वेळ लागतो, पण मोजणी नीट होते. नव्या मेट्रोने गिरगावहून दोन्ही ठिकाणं दोन-दोन स्थानकांवर आहेत.

आणि कुठल्याही दवाखान्यात इम्प्लांटचं अंदाजपत्रक हातात पडलं तर सही करण्याआधी एवढंच विचारा: माझ्या हिरड्यांची खोली मोजली का? तो तक्ता दाखवता का? तक्ता नसेल तर अंदाजपत्रक परत द्या आणि दुसरा दवाखाना गाठा.